वादळाची वर्दी आणि वादळाचा नकाशा

वादळ येणार हें कळणें आणि वादळांतून माणसें वाचणें या दोन गोष्टी एक नव्हेत. वेधशाळेला झालेलें ज्ञान, गांव रिकामें करण्याचा किंवा पूल बंद करण्याचा अधिकार ज्याच्या हातीं आहे त्याच्यापर्यंत किती वेळांत व कोणत्या रूपानें पोंचतें, यावर पुष्कळदां मनुष्यहानि अवलंबून असते. हवामानशास्त्राचा इतिहास हा बव्हंशीं या प्रवासाचाच इतिहास आहे.

इ. स. १८५९ च्या ऑक्टोबरांत ‘रॉयल चार्टर’ नांवाचें जहाज ऑस्ट्रेलियाहून परत येतांना वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ वादळांत सांपडून फुटलें व सुमारें साडेचारशें माणसें बुडालीं. त्या वेळीं इंग्लंडच्या हवामान खात्याचा प्रमुख अॅडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय हा होता. डार्विनला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान तो हाच. वादळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं सरकतें. तेव्हां पहिल्या ठिकाणची बातमी तारेनें धाडली तर ती वादळाच्या आधीं दुसरीकडे पोंचेल, हें त्यानें ताडलें. १८६१ च्या फेब्रुवारींत त्यानें बंदरांना पहिली सूचना दिली. सूचनेची तार येतांच बंदरावरील खांबावर शंकूच्या व नळकांड्याच्या आकाराचीं निशाणें चढत. १८६५ त फिट्झरॉय वारला. पुढल्या वर्षीं, या अंदाजांना शास्त्राचा भक्कम आधार नाहीं असें म्हणून विद्वानांनीं तो क्रम बंद पाडला. परंतु ज्यांचा जीव समुद्रावर टांगलेला होता त्यांनीं ओरड केली आणि १८६७ त सूचना पुन्हां सुरू कराव्या लागल्या.

हिंदुस्थानास हा धडा कलकत्त्यानें शिकविला. ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं तेथें चक्रीवादळ आलें, समुद्राचें पाणी हुगळी नदींतून आंत घुसलें, आणि सुमारें साठ हजार माणसें प्राणास मुकलीं असें मानतात. दुसऱ्याच वर्षीं कलकत्ता बंदरासाठीं सूचना देण्याची व्यवस्था झाली. १८७५ त हेन्री ब्लॅनफर्ड याच्या हाताखालीं सबंध देशाचें हवामान खातें निघालें. १९२८ त त्याचें मुख्य ठाणें पुण्यास आलें. त्या इमारतीस पुणेकर अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे होडी लोटावयाची नाहीं, हें कोंकणांतील कोळ्याच्या पोरासहि ठाऊक असतें.

या व्यवस्थेनें असंख्य प्राण वांचविले. तरी तींत एक उणीव होती. नकाशा वेधशाळेच्या टेबलावरच राही. बाहेर जाई तें त्याचें शब्दांतलें सार. ‘किनाऱ्यावर जोराचा वारा सुटेल’ एवढ्या तारेवरून मामलेदारानें काय ठरवावें? कोणत्या गांवास आधीं हलवावें, पाणी कोणत्या बाजूनें चढेल, हातीं चार तास आहेत कीं चौदा, याचें उत्तर तारेंत नसे. तें नकाशांत असे आणि नकाशा दूर असे.

ही उणीव भरून काढण्याचा एक नमुनेदार प्रयत्न अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत झाला. तो मुलूख भोंवऱ्यासारख्या फिरणाऱ्या टोर्नाडो वादळांचा. तेथील दोन विद्यापीठांनीं मिळून ‘मेसोनेट’ नांवाचें वेधकेंद्रांचें जाळें उभारलें व १९९४ पासून तें चालू झालें. संस्थानांतील ७७ जिल्ह्यांपैकीं प्रत्येकांत निदान एक केंद्र असून, वारा, पाऊस, उष्णता व दमटपणा यांची नोंद दर पांच मिनिटांनीं होते. परंतु ही माहिती व रडारचीं चित्रें लहान गांवच्या अग्निशामक दलास किंवा पोलिसास सहज मिळत नसत. म्हणून १९९६ त ‘ओके-फर्स्ट’ नांवाचा उपक्रम निघाला. त्यानें इंटरनेटवरून हे नकाशे थेट त्या अधिकाऱ्यांच्या हातीं दिले. आपला तालुका मोठा करून पाहावा, ढग कोणीकडे सरकतो हें क्रमानें न्याहाळावें, अशी त्यांत सोय होती.

त्या उपक्रमाचें खरें मर्म मात्र यंत्रांत नव्हतें. नकाशा देण्यापूर्वीं तो वाचावयास शिकविलें जाई. रडारवरील लाल डाग म्हणजे काय, तो कधीं फसवितो, किती पावसानें ओढा रस्त्यावर येतो, विषारी वायू सांडल्यास वारा तो कोणत्या वस्तीकडे नेईल, याचे पाठ अधिकाऱ्यांस घ्यावे लागत. २००१ त या उपक्रमास अमेरिकेंत राज्यकारभारांतील नव्या कल्पनांसाठीं देण्यांत येणारें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

ओरिसाचें उदाहरण याच्याच दोन बाजू दाखवितें. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं तेथें महाचक्रीवादळ आलें. वेधशाळेनें सूचना दिली होती. परंतु पुरेसे निवारे नव्हते, तारा तुटल्या, टेलिफोन मुके झाले आणि सुमारें दहा हजार लोक मेले. त्यानंतर तेथील सरकारनें आपत्ति-निवारणाची स्वतंत्र संस्था काढली, निवारे बांधले, गांवोगांव स्वयंसेवक तयार केले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं ‘फायलिन’ हें प्रचंड वादळ गोपाळपुराजवळ किनाऱ्यास लागलें, तेव्हां सुमारें दहा लक्ष माणसें आधींच हलविलीं गेलीं होतीं. मृतांची संख्या कांहीं डझनांवर गेली नाहीं.

आज भारतीय हवामान खात्याचे नकाशे कोणासहि घरबसल्या पाहतां येतात. हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा अशा चार रंगांनीं जिल्हावार धोका दाखविलेला असतो. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, त्यापूर्वीं त्याची वाट लोकांनीं अशाच नकाशांवर पाहिली होती. तथापि वीज गेली म्हणजे पडदा काळा पडतो, आणि म्हाताऱ्या कोळिणीस नकाशा उमगेलच असें नाहीं. म्हणून ओरिसानें नकाशाच्या जोडीला किनाऱ्यावर भोंगेहि बसविले. नकाशा कचेरीपर्यंत जातो. तेथून झोपडीपर्यंतचें अंतर अजून माणसासच चालावें लागतें. फिट्झरॉयच्या खांबावरील शंकू पाहून नाखवा जसा विनाविलंब शीड उतरवी, तसा तालुक्याचा अधिकारी नकाशा पाहून त्याच घटकेस उठेल, अशी तयारी वादळ नसतांनाच झाली पाहिजे.