निर्मलचा लाकडी घोडा

वसंतपंचमीस गोदावरीकाठच्या बासर क्षेत्री श्रीज्ञानसरस्वतीच्या मंदिरात बालकांची दाटी असते. नांदेडकडून आलेली मराठी कुटुंबे आणि तेलुगू कुटुंबे एकाच रांगेत उभी राहतात व मुलाचे इवले बोट धरून त्याच्याकडून पहिले अक्षर गिरवून घेतात. विधी आटोपला की मूल देवळाबाहेरच्या दुकानांकडे पाहू लागते, आणि त्याच्या हाती जे खेळणे पडते ते आज बहुधा प्लास्टिकचे असते. वास्तविक बासरहून भैंशाला येऊन पूर्वेची वाट धरली की निर्मल हे गाव लागते, आणि तेथे लाकूड कोरून मुलांसाठी पशुपक्षी घडविण्याची विद्या शतकानुशतके नांदत आली आहे. त्या विद्येचा थोडा वृत्तांत वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

कोकणातील वाचकांस निर्मळ म्हटले की वसईजवळचे, शंकराचार्यांच्या समाधिमंदिराचे गाव आठवेल. हे निर्मल त्याहून वेगळे. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व पुढे त्याच नावाच्या राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्यानंतर ते आंध्र प्रदेशात व २०१४ मध्ये तेलंगणात गेले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्मल हा निराळा जिल्हा झाला, आणि बासरही त्यातच आले. सरहद्दी अशा बदलल्या, तरी या मुलखातील घराघरांत मराठी, तेलुगू, उर्दू व गोंडी या भाषा शेजारधर्माने राहिल्या आहेत.

सतराव्या शतकात निम्मनायडू नावाच्या सरदाराने गाव वसविले, त्याच्याच नावावरून त्यास निर्मल म्हणू लागले आणि त्यानेच ठिकठिकाणचे कारागीर तेथे आणून त्यांस आश्रय दिला, असे परंपरा सांगते. या कारागिरांस नक्काश म्हणतात. पुढे निजामाची स्वारी निर्मलला आली असता त्यांनी आसनावर एक चितारलेले केळफूल टांगले व दोरी ओढताच त्यातून सोनेरी पाकळ्यांचा वर्षाव केला, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिक सत्यता कशीही असो. सोनेरी रंगावरील त्यांच्या प्रभुत्वाची कीर्ती तिच्यातून दिसते.

या कलेचा खरा आधार मात्र दरबारात नसून रानात आहे. आदिलाबादचे अरण्य सागवानासाठी प्रसिद्ध. परंतु खेळण्यांना सागवान कामाचे नाही. त्यासाठी पोनिकी नावाच्या झाडाचे लाकूड लागते. ते वजनास हलके व इतके मऊ की पटाशीला मुळीच अडत नाही. कृष्णाकाठच्या कोंडापल्लीची खेळणीही याच लाकडाची असतात. सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याला जो मान, तोच निर्मलमध्ये पोनिकीला.

घोडा घडविण्याची रीत अशी. लाकूड प्रथम चांगले वाळवितात, कारण ओल राहिली तर पुढे रंगाला तडे जातात. धड, मान, पाय व शेपूट निरनिराळे कोरतात. एका अखंड तुकड्यातून बारीक पाय काढावयाचे तर लाकूड वाया जाते आणि पायही टिकत नाहीत. मग चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा एकत्र मळून त्या लगद्याने अवयव जोडतात व सांधे भरून काढतात. वाळल्यावर घासून, वर पांढऱ्या मातीचा हात देऊन शेवटी रंगवितात. सांधा कोठे आहे हे पाहणाऱ्यास कळू नये, यातच कारागिराची परीक्षा. पूर्वी रंग वनस्पती व खनिजे यांपासून होत. पुढे त्यांची जागा बाजारी रंगांनी घेतली. मुलास वर बसवून झुलवावयाचा घोडा हवा, तर तो टणक लाकडाचाच केला पाहिजे. पोनिकीचा घोडा हातात धरून खेळण्याचा.

आमच्याकडील मुलास घोड्याचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. घरच्या देव्हाऱ्यात खंडोबा घोड्यावर बसलेला असतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. बापाच्या खांद्यावरून तो बाजार पाहिलेल्या मुलाला घरी नेण्यासारखा घोडा एकच, तो लाकडाचा.

राजाश्रय सरल्यावर १९५५ मध्ये निर्मलच्या कारागिरांची सहकारी संस्था स्थापन झाली. पुढे या खेळण्यांस भौगोलिक मानांकनही लाभले. तथापि मानांकनाने नावाचे रक्षण होते, झाडाचे होत नाही. पोनिकी रानात दुर्मिळ होत चालली आहे. गिऱ्हाइकाची ओढही खेळण्यांपेक्षा भिंतीवर टांगावयाच्या चित्रांकडे अधिक आहे.

येथे नागपूरचे उदाहरण मननीय आहे. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये मुलांसाठी तान्हा पोळा सुरू केला, असे सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाके लावलेला लाकडी बैल सजवून घरोघर नेतात व बोजारा मिळवितात. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, परंतु लाकडी बैल आजही विकला जातो, कारण पंचांगात त्याला एक दिवस मिळाला आहे. सावंतवाडीत शिवरामराजे भोसले व राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी कारागिरांना राजवाड्यात जागा देऊन कला सावरली. पण असे आश्रयदाते सर्वत्र मिळत नाहीत, आणि सण मात्र सर्वांच्या घरी येतो.

निर्मलच्या घोड्याला असा दिवस नाही. तो वसंतपंचमीचा का असू नये? बासरला अक्षरारंभ करून परतणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती पाटीबरोबर एक लाकडी घोडा आला, तर कारागिराच्या मुलालाही पटाशी हाती धरण्यास कारण मिळेल. मंदिरांच्या व्यवस्थापकांनी मनात आणल्यास आवारात पोनिकीची रोपे लावणेही अशक्य नाही. बेल व आवळा आपण देवासाठी जोपासतोच. मुलाच्या खेळासाठी एक झाड जोपासणे ही देखील सरस्वतीचीच सेवा होय, असे आम्हांस वाटते.