गांजाला भिंती कुणी घातल्या?

गांजाचे झाड बंद खोलीत, कृत्रिम उजेडात आणि तरीही पर्यावरणाला न दुखावता कसे वाढवावे, हा आज कॅनडात आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत गंभीर उद्योगाचा प्रश्न झाला आहे. यवतमाळला लागून असलेल्या लोहारा येथील औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची शेड पाहून एखाद्या तरुणाच्या मनात येईल, की मग येथे का नाही? कायद्याचे उत्तर एका ओळीत संपते. इतिहासाचे उत्तर लांब आहे. जे झाड या देशात शतकानुशतके उघड्या उन्हात वाढले, त्याला पहिले कुंपण याच देशात पडले, आणि ते वनस्पतिशास्त्राने घातले नव्हते. ते महसूल खात्याने घातले.

आधी शब्दांचा गुंता सोडवावा लागतो. भांग, गांजा आणि चरस हे एकाच वनस्पतीचे तीन अवतार. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्याच्या चिकाचा चरस. इंग्रजी कागदांत मात्र ‘हेम्प’ हा शब्द इतका सैल वापरला गेला, की विदर्भातल्या शेतकऱ्याचा दोराचा ताग आणि अंबाडीसुद्धा कधी कधी त्याच नावाखाली येई. जुनी आकडेवारी वाचणाऱ्याने येथे सावध राहिलेले बरे. ‘हेम्प’खाली नोंदलेले प्रत्येक शेत चिलमीपर्यंत जात नव्हते.

हे झाड लहान दिवसांचे. पावसाळ्यात ते उंच वाढते आणि रात्री लांबू लागल्या की फुलोऱ्यावर येते, म्हणून पीक हिवाळ्यात हाती लागते. नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. मादीला परागकण मिळाले की बी धरते आणि गांजा हलक्या प्रतीचा होतो. बंगालातल्या नवगाव भागात नर झाडे ओळखून काढून टाकणारा जाणकार असे. त्याला ‘परखदार’ म्हणत. शेतकरी त्याला मजुरी देऊन बोलावीत. आज अमेरिकेत बिनबियांच्या गांजासाठी ‘सिन्सेमिया’ हा स्पॅनिश शब्द मोठ्या कौतुकाने वापरला जातो. परखदाराचे नाव तेथे कोणी घेत नाही.

१९व्या शतकात सरकारचे लक्ष या पिकाकडे वळले ते नीतीपेक्षा तिजोरीच्या वाटेने. दारू आणि अफूप्रमाणे गांजाही अबकारीत आला. लागवडीला परवाना, साठवणीला सरकारी वखार, घाऊक विक्रीला परवाना आणि किरकोळ दुकानाचा लिलाव अशी साखळी प्रांताप्रांतांत कमीअधिक फरकाने उभी राहिली. मुंबई इलाख्यात या पिकासाठी अहमदनगर जिल्ह्याचे नाव येते, मध्य प्रांतात निमाडातील खंडव्याचे. हे कागदाचे कुंपण होते, पण काट्यांच्या कुंपणापेक्षा पक्के. परसातले एक झाड, जे काल कोणाच्या लेखी नव्हते, ते आता विनापरवाना ठरू लागले.

या व्यवस्थेला आव्हान मिळाले ते लंडनमधून. २ मार्च १८९३ रोजी मद्यपानविरोधी चळवळीतले खासदार विल्यम स्प्रॉस्टन केन यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. गांजाने लोक वेडे होतात आणि सरकार त्यावर कर घेते, असा आरोपाचा रोख होता. हिंदुस्थान सरकारने जुलैमध्ये आयोग नेमला. अध्यक्ष पंजाबचे वित्त आयुक्त डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सदस्यांत तीन भारतीय होते: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, पंजाबचे कंवर हरनाम सिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. मध्य प्रांतातून छत्तीसगडचे आयुक्त ए. एच. एल. फ्रेझर आले.

आयोगाने ७० प्रश्नांची प्रश्नावली काढली, देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले आणि ऑगस्ट १८९४ मध्ये काम संपविले. तीन हजारांहून अधिक पृष्ठांचा अहवाल झाला. वऱ्हाडच्या साक्षी मुंबई आणि सिंधच्या साक्षींसोबत सातव्या खंडात आहेत. लोहारा तेव्हा ज्या जिल्ह्यात होते त्याचे नाव यवतमाळ नव्हते, वणी होते. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळाले. विदर्भातल्या चिलमीचा इतिहास शोधणाऱ्याने म्हणून ‘वूण’ या इंग्रजी नोंदीखाली पाहायला हवे, नाहीतर हाती काहीच लागत नाही.

अहवालातला सर्वांत मोलाचा भाग वेडाविषयीचा आहे. १८९२ साली देशातील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले आणि त्यांपैकी २२२ जणांचे वेड गांजा-भांगेमुळे असल्याची नोंद होती. आयोगाने ही प्रकरणे एकेक करून तपासली. बहुतेक ठिकाणी ‘कारण’ हा रकाना डॉक्टरांनी तपासणी करून भरलेला नव्हता. पोलिसांनी रुग्णाला आणताना जे लिहून दिले, तेच वहीत उतरत गेले होते. माणूस गांजा ओढतो, माणूस वेडा आहे, म्हणून गांजाने वेडा झाला, असा हिशेब. छाननीअंती २२२ चे ९८ उरले आणि त्यांतल्याही ३७ प्रकरणांत इतर कारणे मिसळलेली होती. आकडा एकदा छापला गेला की तो कुठून आला हे कोणी विचारीत नाही. या आयोगाने ते विचारले, एवढ्यासाठीच तो अहवाल तरुण अभ्यासकाने वाचावा.

निष्कर्ष असा, की बेताच्या सेवनाने सर्वसाधारणपणे लक्षात येईल असा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदीचे समर्थन करता येत नाही. हा एकमुखी निर्णय नव्हता. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. ‘इंग्रजांना गांजा निर्दोष वाटला’ असे जे आज समाजमाध्यमांवर फिरते, ते या अहवालाचे अर्धेच वाचन आहे.

दुसरा अर्धा भाग शिफारशींचा. परवान्याशिवाय लागवड नको, लागवड मोजक्या जागी एकवटावी, माल सरकारी देखरेखीखालील वखारीत जावा, कर वाढवावा, दुकाने कमी करावीत आणि गिऱ्हाइकाला जवळ बाळगता येणाऱ्या मालावर मर्यादा असावी. थोडक्यात, बंदी नको, भिंत हवी. खंडवा याचा नमुना ठरले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि यवतमाळ व खंडवा एकाच प्रांताच्या कारभाराखाली आले. आता झाड एका तहसिलीत, चिलीम दुसऱ्या जिल्ह्यात आणि मधला पैसा तिजोरीत. पिकवणाऱ्याच्या हाती त्यातले किती लागते, हा प्रश्न दुय्यम होता.

तो नवगावच्या शेतकऱ्यांनी मात्र पुढे आणला. १९१७ मध्ये त्यांनी गांजा उत्पादकांची सहकारी संस्था काढली. कुंपण सरकारचेच राहिले, पण आतला व्यवहार त्यांनी आपल्या हाती घेतला आणि नफ्यातून शाळा, दवाखाने चालविले. ही लागवड फाळणीनंतरही पूर्व पाकिस्तानात आणि पुढे बांगलादेशात टिकली व १९८७ मध्ये बंद झाली. नियंत्रित लागवडीचा एवढा दीर्घ प्रयोग आज चर्चेत अजिबात नसावा, हे आश्चर्य आहे.

कागदाच्या कुंपणाचे विटांच्या भिंतीत रूपांतर व्हायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली विज्ञानाची. पॅरिसमध्ये झ्युलियँ तूर्नवा हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप्स आणि भांग याच दोन वनस्पतींवर प्रयोग करीत होता. रोपांना रोज थोडाच वेळ प्रकाश मिळाला तर ती अकाली फुलतात, हे त्याने १९१२ मध्ये मांडले. दोन वर्षांनी तो पुढे गेला: निर्णायक गोष्ट दिवसाचे लहान होणे नसून रात्रीचे लांबणे असावी. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि तो त्यात मारला गेला. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी हे तत्त्व तंबाखू, सोयाबीन यांसारख्या पिकांवर सिद्ध केले आणि श्रेय बहुतांशी त्यांच्याकडे गेले. बंद खोलीतली आजची सारी लागवड दिवा कधी विझवायचा या एका गोष्टीवर उभी आहे, आणि ती गोष्ट प्रथम भांगेच्याच रोपांनी सांगितली होती.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९२५ च्या जिनिव्हा करारात इजिप्तच्या आग्रहावरून ‘इंडियन हेम्प’ आले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात बंधने कडक झाली. भारताने पारंपरिक सेवन थांबविण्यासाठी २५ वर्षांची सवलत मिळवली, आणि भांगेची पाने व्याख्येबाहेर राहिली. ती मुदत संपत आली तेव्हा, १९८५ मध्ये, अमली पदार्थविरोधी कायदा झाला. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. घरातले एक झाड असो की शेतातली रांग, कायदा भिंत पाहून सवलत देत नाही.

अमेरिकेत याच सुमारास झाड प्रत्यक्ष खोलीत शिरले. १९८३ पासून कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टरने शेते शोधून उपटण्याची मोहीम सुरू झाली. आकाशातून दिसू नये म्हणून लागवड तळघरात गेली. उन्हाची जागा सोडियमच्या प्रखर दिव्यांनी घेतली आणि वाऱ्याची पंख्यांनी. म्हणजे खोलीतली लागवड मुळात लपण्याची युक्ती होती. पुढे अनेक राज्यांत कायदा बदलला, तरी लपताना जडलेली सवय उद्योगाची रीत होऊन बसली.

तिची किंमत आता मोजली जाते. २०१२ मध्ये इव्हान मिल्स यांनी अंदाज मांडला, की अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे १ टक्का वीज या खोल्या खातात. २०२१ मध्ये कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी हिशेब केला, की खोलीत पिकवलेल्या एक किलो सुक्या फुलामागे, स्थळानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. यातला मोठा वाटा हवा तापविण्या-थंड करण्याचा आणि दिव्यांचा. यवतमाळच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडला गार ठेवण्याचा खर्च वेगळा सांगायला नको. कमी विजेचे दिवे, पाण्याचा फेरवापर, छतावरचे सौर पट्टे यांनी आकडा खाली येतो, पण जे झाड उन्हात फुकट वाढते त्याला आधी अंधारात नेऊन मग सूर्याचीच वीज करून देणे, या व्यवहाराला ‘शाश्वत’ म्हणणे धाडसाचे आहे.

भारतात कुंपण किंचित सैल झाले ते दोऱ्यासाठी. १९८५ चाच कायदा राज्यांना नियंत्रित लागवडीची मुभा देण्याचा अधिकार देतो. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेला परवाना दिला, तोही नशा आणणारे टीएचसी ०.३ टक्क्यांहून कमी असण्याच्या अटीवर.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०२१ मध्ये फार निराळ्या तोंडून आला. सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. कोणत्याही पिकाला भाव नाही, शेती तोट्यात आहे, गांजाला भाव आहे, तरी दोन एकरांत तो लावण्याची परवानगी मिळावी; १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर न आल्यास परवानगी गृहीत धरून लागवड करीन. प्रशासनाने अर्ज पोलिसांकडे पाठविला आणि पोलिसांना त्यात प्रसिद्धीची हौस दिसली. अर्जात दिव्यांचा, खोलीचा, पंख्यांचा उल्लेख नव्हता. मागणी उघड्या शेताची होती, आणि पहिले कारण भावाचे.