रॉबिन्सन विरुद्ध लेनर्ड : कोण जिंकलं असतं?

शुगर रे रॉबिन्सन आणि शुगर रे लेनर्ड. दोघंही वेल्टरवेट, म्हणजे वजनाची मर्यादा १४७ पौंड, आपल्या हिशोबात साधारण ६६.७ किलो. पहिला १९४६ साली चॅम्पियन झाला, दुसरा १९७९ साली. लेनर्डच्या नावातली 'शुगर'सुद्धा रॉबिन्सनकडूनच आलेली. मग हे दोघं ऐन भरात असताना समोरासमोर आले असते तर?

बॉक्सिंगचं वेड असलेल्या कुठल्याही दोघांना हा प्रश्न टाकून बघा. चहा गार होईल, लंच टाईम संपेल, वाद काही संपणार नाही. 'सचिन की ब्रॅडमन'चाच हा भाऊ. फक्त इथे दोघांनी एकमेकांना बडवायचं असतं, त्यामुळे जरा जास्त रंगतो.

आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना अर्थात वाटतं, त्यात काय एवढं! आकडे भरा, सिम्युलेशन चालवा, उत्तर घ्या. तर मंडळी, हेही करून झालंय. १९६७ साली मरे वोरोनर नावाच्या अमेरिकन रेडिओ निर्मात्याने एनसीआर ३१५ या कॉम्प्युटरच्या मदतीने सगळ्या काळातल्या हेवीवेट चॅम्पियन लोकांची स्पर्धा 'खेळवली' आणि रेडिओवर ऐकवली, अगदी कॉमेंट्रीसकट. त्यात महंमद अली चक्क जिम जेफ्रीजकडून हरला आणि शेवटी रॉकी मार्सियानो जिंकला. अली इतका भडकला की त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला! पुढे तडजोड झाली आणि १९६९ साली अली आणि निवृत्त मार्सियानो कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूची लढत लढले. वेगवेगळे शेवट शूट करून ठेवले होते. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत मार्सियानोने अलीला तेराव्या राउंडमध्ये झोपवलं. युरोपात मात्र अली जिंकल्याचा शेवट दाखवला गेला. म्हणजे इनपुट तेच, प्रेक्षक बदलले की आउटपुट बदललं. असला बग आमच्या टेस्टिंग टीमने पहिल्याच दिवशी पकडला असता.

असो. मुद्दा असा, की गोची प्रोसेसिंगमध्ये नाहीच. गोची आहे नियमांमध्ये.

१६ सप्टेंबर १९८१, लास व्हेगास. लेनर्ड विरुद्ध थॉमस हर्न्स. तेरा राउंड संपले तेव्हा तिन्ही पंचांच्या कार्डांवर हर्न्स पुढे होता. लेनर्डचा एक डोळा सुजून बंद होत आलेला. चौदाव्या राउंडमध्ये लेनर्डने हर्न्सला दोरांवर दाबून असा काही झोडपला, की रेफ्रीने लढत थांबवली. लेनर्ड महान ठरला तो मुख्यतः अशा रात्रींमुळे. आता हीच लढत बारा राउंडची असती तर? हर्न्स गुणांवर जिंकला असता. माणसं तीच, ठोसे तेच, इतिहास उलटा.

आणि पंधराचे बारा राउंड झाले ते काही सोयीसाठी नाही. १३ नोव्हेंबर १९८२ ला लास व्हेगासमध्येच रे मॅन्सिनीविरुद्ध लढताना दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडमध्ये कोसळला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने राउंड बारावर आणले, बाकीच्या संघटना काही वर्षांत मागोमाग आल्या. म्हणून कुणी 'आजकालच्या पोरांना पंधरा राउंड झेपले नसते' असं छाती फुगवून म्हणतं, तेव्हा मला जरा कसंतरीच होतं. त्या तीन राउंडांची किंमत कुणीतरी मोजलेली आहे.

दुसरा नियम वजनाचा. रॉबिन्सनच्या काळात वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं. आता साधारण आदल्या दिवशी होतं, मग रात्रभर खाऊन-पिऊन माणूस कितीतरी जड होऊन रिंगमध्ये उतरतो. म्हणजे दोन काळांतले '१४७ पौंड' हे एकच युनिट नाही! फ्लॉइड मेवेदरला (५० लढती, ५० विजय) रॉबिन्सनसमोर उभं करायचं असेल, तर आधी काटा कुठल्या दिवशीचा ते ठरवा. माझं मत विचाराल, तर त्याच दिवशीचं वजन आणि पंधरा राउंड असतील तर रॉबिन्सन, डोळे मिटून. आदल्या दिवशीचं वजन आणि बारा राउंड असतील, तर मेवेदर निदान शेवटपर्यंत उभा राहील आणि निकाल गुणांवर जाईल.

गंमत म्हणजे दोन काळ एकदा खरोखरच भिडलेत. १९३८ साली फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट अशी तिन्ही विजेतेपदं एकाच वेळी खिशात असलेला हेन्री आर्मस्ट्राँग, ऑगस्ट १९४३ मध्ये रॉबिन्सनशी लढला. रॉबिन्सन दहा राउंडनंतर आरामात जिंकला. यातून कोण मोठा ते कळलं का? अजिबात नाही. एक चढत होता, एक उतरत होता, बस्स.

पण या सगळ्या खेळात माझ्या डोक्यातून न जाणारी लढत वेगळीच आहे. चार्ली बर्ली, पिट्सबर्गचा कृष्णवर्णीय वेल्टरवेट. फ्रिट्झी झिविकशी तो तीनदा लढला आणि दोनदा जिंकला. त्याच झिविकला १९४० साली आर्मस्ट्राँगविरुद्ध टायटलची संधी मिळाली आणि तो चॅम्पियन झाला. बर्लीने १९४४ साली आर्ची मूरला हरवलं, हा मूर पुढे लाइट-हेवीवेटचा जगज्जेता झाला. बर्लीला जागतिक विजेतेपदाची लढत मात्र आयुष्यात एकदाही मिळाली नाही. त्याच्याशी लढण्यात धोका मोठा आणि पैसा थोडा, त्यात तो काळा. खुद्द रॉबिन्सनलासुद्धा सत्तरहून जास्त लढती जिंकेपर्यंत टायटलसाठी थांबावं लागलं होतं. निवृत्तीनंतर बर्लीने पिट्सबर्गमध्ये कचरा उचलायची नोकरी केली.

रॉबिन्सन आणि बर्ली एकाच देशात, एकाच काळात, जवळपास एकाच वजनात लढत होते. टाईम मशीनची गरजच नव्हती. तरी ती लढत झाली नाही.

रॉबिन्सन-लेनर्डबद्दल आपण हवं तेवढं भांडू, मजा येते. ती लढत होणं शक्यच नव्हतं, त्यामुळे दोष कुणाचाच नाही. बर्लीची लढत होऊ शकत होती, आणि माणसांनी ती होऊ दिली नाही. पुढच्या वेळी 'असं झालं असतं तर'चा डाव मांडाल, तेव्हा एक कार्ड बर्लीच्या नावाचं ठेवा.

बाकी माझं मत? लेनर्ड विरुद्ध रॉबिन्सन, पंधरा राउंड : रॉबिन्सन, थोडक्यात, गुणांवर. तुमचं?