पैशापैशाने आलेली काच

एका रुपयाचे तेव्हा चौसष्ट पैसे होत. त्यातला एक पैसा प्रत्येक माणसाने वर्षातून एकदा द्यावा आणि त्या पैशातून देशी धंदे उभे राहावेत, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. ती घेऊन ते गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि १९०८ साली त्या साठलेल्या पैशातून आमच्या तळेगाव दाभाड्यात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. वर्गणी देणाऱ्यांत ज्यांच्या घरी काचेचं एकही भांडं नव्हतं असे लोक किती असतील, हा विचार मनात आला की मला भरून येतं.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सासरे त्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. पेला हातात कसा घ्यावा, कसा पाहावा, कसा ठेवावा हे मी त्यांच्याकडून शिकले. पण ते सांगण्याआधी, हा पेला आमच्यासारख्यांच्या स्वयंपाकघरात सुखासुखी आलेला नाही, हे सांगितलं पाहिजे.

पूर्वी पाणी प्यायचं ते तांब्या-भांड्याने नाहीतर पितळी फुलपात्राने, आणि तेही वरून, ओठ न लावता. पितळेला कलई लागे. कलईवाला दारात भाता लावून बसे. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून तो कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने पुसत पुसत आतून चांदीसारखा रंग चढवी. कलई उडालेल्या भांड्यात ताक राहिलं की ते कळके. काचेत ताक कळकत नाही, कोकमाचं सरबत बिघडत नाही. तरीही वाईला माझ्या आजीच्या घरी काचेचा पेला आणि चिनी मातीची कपबशी यांची जागा बाहेरच्या खोलीतल्या फळीवर होती. धातूचं भांडं चिंचेने, राखेने घासलं की शुद्ध. काचेचं काय करायचं, हे आजीला कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ती काच सोवळ्यात घेतच नसे.

कोणाच्या हातचं, कोणत्या भांड्यातून, हा प्रश्न पुण्यात किती मोठा होता ते १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही पुणेकर मंडळींपुढे आलेल्या चहाने दाखवलं. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघेही त्या मंडळींत होते. पुढे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, झालं, प्रायश्चित्तं झाली. त्यानंतर अठराच वर्षांनी टिळकांच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या भट्टीतून काच निघू लागली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. गावच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी, वेगळा ग्लास असे. तो बाहेर ठेवलेला असे, आणि चहा पिऊन झाल्यावर ज्याचा त्याने धुवून पुन्हा तिथेच ठेवायचा. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, त्यानंतरही कित्येक वर्षं ते वेगळे ग्लास राहिले. काचेच्या पेल्याचा इतिहास लिहायचा आणि हा ग्लास वगळायचा, हे मला पटत नाही. घरातसुद्धा कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवलेला मी पाहिलेला आहे. आमच्या घरात सासऱ्यांनी तो ठेवू दिला नाही.

कारखान्याकडे येते. ईश्वरदास वार्ष्णेय काचेची विद्या परदेशात शिकून आले होते. तळेगावची भट्टी त्यांनी उभी केली आणि नुसता माल काढला नाही, माणसं तयार केली. इथे शिकलेली माणसं पुढे देशभरातल्या काचकारखान्यांत गेली. कऱ्हाडजवळ, औंध संस्थानाच्या मुलखात, ओगले बंधूंनी १९१६ साली कारखाना काढला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात आमच्या आधीच्या पिढीने अभ्यास केला.

वाळू, सोडा आणि चुना भट्टीत चौदाशे-पंधराशे अंशांवर वितळतात. सासरे सांगत की लवकर वितळावं म्हणून त्यात फुटकी काचही घालायची. मग फुंकनळीच्या टोकावर लालभडक गोळा घ्यायचा, फुंकायचा, साच्यात धरायचा. पण त्यांचा सगळा जीव पुढच्या टप्प्यावर असे. पेला लगेच उघड्यावर निवू द्यायचा नाही. त्याला हळूहळू उतरत्या उष्णतेत ठेवायचं. घाई झाली तर बाहेरची काच आधी आवळते, आतली मागे राहते, आणि तो ताण काचेत कोंडून राहतो. असा पेला दिसायला नितळ असतो. एक दिवस हात न लावता तडकतो आणि घरात कोणाला तरी उगाच बोलणी खावी लागतात.

म्हणून मी दुकानात पेला उजेडासमोर धरते. बारीक बुडबुडा असला तर चालतो. न वितळलेला खडा दिसला तर घेत नाही, कारण तडा तिथूनच सुरू होतो. काठावरून बोट फिरवते. नखाने टिचकी मारते. आवाज बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. काठाला हिरवट झाक दिसली तर दुकानदाराशी वाद घालू नये, ती वाळूतल्या लोखंडाची असते, तिने काही बिघडत नाही. जाड बुडाचा पेला मजबूत वाटतो, पण गरम चहाला तोच आधी दगा देतो. आतली बाजू तापून पसरते, बाहेरची गारच असते. चहासाठी पातळ आणि सारख्या जाडीचा ग्लास बरा, नाहीतर बोरोसिलसारखी काच. तिच्यात बोरॉन असतं आणि ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. सरबताला बडोद्याचे येरा ग्लास आमच्याकडे वर्षानुवर्षं टिकले.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साबणाने जात नाहीत, लिंबाची फोड नाहीतर व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवावं. काच राखेने घासू नये; राखेत खडे असतात, ती पितळेला ठीक. एकात एक घातलेले पेले अडकले तर पिळायचे नाहीत. आतल्यात गार पाणी भरायचं आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरायचा. आतला आकसतो, बाहेरचा सैलावतो, आणि पेला अलगद सुटतो.

आणि फुटलाच तर तुकडे वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळून, दोरी बांधून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहून सुक्या कचऱ्यात द्यावेत. कचरा वेगळा करणाऱ्या बायांच्या हाताला पुष्कळदा साधा हातमोजासुद्धा नसतो.