संडासातला पांढरा थर

राजुरा, कोरपना, जिवती या बाजूच्या एखाद्या जुन्या शाळेचा संडास पाहिला आहे? भांड्याच्या तळाशी, पाणी साचते त्या रेषेवर, एक खरखरीत पांढरट-पिवळा थर दिसतो. खराट्याने निघत नाही, विटकरीने घासला तरी निघत नाही. मग कोणीतरी बाजारातून अ‍ॅसिडची बाटली आणतो आणि सफाईच्या बाईंच्या हाती देतो. हातमोजे नसतात, खिडकी बंद असते. किंवा याहून सोपा मार्ग निघतो: संडासाला कुलूप लागते. त्याचा सर्वांत जास्त त्रास मोठ्या मुलींना होतो.

हा थर म्हणजे घाण आहे, असे आपण समजतो. खरे तर तो बव्हंशी दगड आहे, आणि त्याचा इतिहास फार जुना आहे.

या भागात पैनगंगा समूहाचे चुनखडक आहेत. शंभर कोटी किंवा त्याहूनही अधिक वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. शंखशिंपल्यांचे प्राणी तेव्हा जन्मालाही आले नव्हते. त्या समुद्राच्या तळाशी साचलेला चुना आज गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जातो. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि हा खडक थोडाथोडा विरघळवते. हेच आपले कठीण किंवा ‘जड’ पाणी. भांड्यात ते साचून राहिले की कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, काही पाणी सुकते आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होतो. मुतारीत ही क्रिया अधिक वेगाने होते. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, आम्लता कमी होते आणि कॅल्शियमची कार्बोनेटे व फॉस्फेटे खाली बसतात. थराचा पिवळेपणा आणि वास तेथून येतो.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे गेले की डागाचा रंग बदलू शकतो. तेथे मोठा भाग ग्रॅनाइट, ग्नाइस अशा खडकांचा आहे आणि सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. पाण्यात लोह असेल किंवा नळ गंजले असतील तर भांड्यावर तांबूस ओघळ उमटतात.

पूर्वी हे थर इतके का नव्हते? एक तर संडासच कमी होते. दुसरे म्हणजे, पाणी नदीचे, तलावाचे किंवा उथळ विहिरीचे असे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींचे प्रमाण वाढले. जालना आणि सोलापूर येथे सुधारलेल्या पंपांच्या अनुभवावरून त्याच दशकात ‘इंडिया मार्क-२’ हा हातपंप घडला आणि गावोगावी पोचला. खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात अधिक काळ असते, म्हणून सहसा त्यात क्षारही अधिक असतात. विंधन विहिरीने तहान भागवली आणि सोबत हा थरही आणला.

थर काढण्याचे रसायनशास्त्र मात्र स्कॉटलंडमध्ये उलगडले, आणि तेही मूतखड्यामुळे! अठराव्या शतकात मूतखड्यावर चुन्याची निवळी पाजत. हे औषध फार दाहक होते. जोसेफ ब्लॅक हा तरुण वैद्यकाचा विद्यार्थी त्याहून सौम्य पदार्थ शोधू लागला. औषध त्याला सापडले नाही, पण तराजू हाती धरून त्याने काहीतरी वेगळेच शोधले. १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने दाखवले की चुनखडी भाजली किंवा तिच्यावर आम्ल टाकले की एक वायू बाहेर पडतो आणि तेवढे वजन घटते. शुद्ध चुनखडीच्या १०० ग्रॅममधून ४४ ग्रॅम वायू निघतो. हाच कार्बन डायऑक्साइड. भांड्यावर आम्ल पडले की उठणारा फेस म्हणजे ब्लॅकचाच प्रयोग.

पुढे १८४१ मध्ये ॲबर्डीनच्या टॉमस क्लार्कने कठीण पाणी मऊ करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. त्याची युक्ती मजेदार होती. पाण्यातला चुना काढायचा तो पाण्यात चुना घालून! चुन्याची निवळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, आणि विरघळलेला चुना घातलेल्या चुन्यासह तळाशी बसतो.

आणि बाटलीतले अ‍ॅसिड? १७९१ मध्ये फ्रान्सच्या निकोलस लेब्लांकने मिठापासून धुण्याचा सोडा करण्याचे पेटंट घेतले. त्या रीतीत हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू टाकाऊ म्हणून धुराड्यातून सोडत. इंग्लंडमधील कारखान्यांभोवतीची झाडे आणि पिके करपली. अखेर १८६३ च्या कायद्याने ९५ टक्के वायू पकडण्याची सक्ती केली. पाण्यात पकडलेला वायू म्हणजेच स्वस्त आम्ल. ज्या वायूने शेते जाळली, त्याच्याच द्रावणाची बाटली आपण बंद खोलीत उघडतो.

हे आम्ल थर काढते, यात शंका नाही. पण त्याला थर आणि मोझॅक फरशीतले संगमरवराचे तुकडे यांत फरक कळत नाही. भांड्याच्या सांध्यातले सिमेंटही ते खाते. फुप्फुसांना तर अपाय होतोच. आणि ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. ही दोन्ही एकत्र कधीही वापरू नयेत, एकापाठोपाठही नाही. अ‍ॅसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, हेही लक्षात ठेवावे.

जोर कमी असला तर वेळ द्यावा, हा येथला साधा नियम. भांड्यातले पाणी मगाने काढून टाकावे. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, विरघळवावे. हिशेबाने एवढे आम्ल सुमारे ४० ग्रॅम चुनखडीला पुरते. जुनी फडकी त्यात भिजवून थरावर चिकटवावीत आणि रात्रभर ठेवावीत. सकाळी हातमोजे घालून ब्रशने घासावे. जुना थर एका रात्रीत जाणार नाही. शनिवारी-रविवारी दोन-तीनदा करावे. विटकर आणि तारेचा ब्रश टाळावा. भांड्याची झिलई म्हणजे काच. तिच्यावर ओरखडे पडले की नवा थर तेथेच घट्ट धरतो. गळका नळ आधी दुरुस्त करावा, नाहीतर सारे श्रम वाया.

वर्गात याचा धडा सहज होतो. थराचा एक तुकडा, अंड्याचे कवच आणि गंजाचा कपटा यांवर लिंबाचा रस टाका. बुडबुडे कोठे येतात ते मुलांना लिहायला सांगा. पुढच्या शनिवारी फडकी लावायची पाळी कोणाची, तेही वर्गातच ठरवा, आणि त्या यादीत पहिले नाव शिक्षकांचे असू द्या. कुलपाची किल्ली त्यानंतर लागणार नाही.