मोटारगाडीतील स्वयंचलित गिअरपेटी : काटकसरी व जोमदार चालनाचे पर्याय

एंजिनाची शक्ती चाकांकडे नेताना कोणता गिअर केव्हा घ्यावयाचा हे चालकाऐवजी स्वतः ठरविणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित गिअरपेटी म्हणतात. अशा पेटीत गिअर बदलण्याचे एकाहून अधिक क्रम योजून त्यांतील एक निवडण्याची मुभा चालकास देण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात रूढ झाली. त्यांपैकी एक क्रम इंधनाची बचत साधणारा, तर दुसरा झटकन वेग घेण्यास अनुकूल असतो. निवडीच्या बटनावर त्यांची नावे बहुधा ‘इकॉनॉमी’ आणि ‘स्पोर्ट’ किंवा ‘पॉवर’ अशी असतात. गिअर बदलण्याच्या कामातून चालकाची सुटका करण्यासाठी जी यंत्रणा जन्मास आली, तिलाच पुढे चालकाचा कौल घ्यावा लागला, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.

दोन क्रमांची आवश्यकता : काटकसर व जोम यांतील विरोध एंजिनाच्या स्वभावातच आहे. रस्त्यावर ठराविक वेगाने धावण्यास लागणारी शक्ती पेट्रोल एंजिन दोन प्रकारे देऊ शकते : वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांनी, अथवा खालच्या गिअरमध्ये अधिक फेऱ्यांनी. दुसऱ्या प्रकारात हवेच्या मार्गातील झडप बरीच मिटलेली राहते आणि अरुंद फटीतून हवा ओढून घेण्यातच एंजिनाचे काही कार्य वाया जाते. शिवाय फेऱ्या वाढल्या म्हणजे घर्षणही वाढते. म्हणून वरचा गिअर जितका लवकर घ्यावा तितके इंधन कमी लागते. मात्र कमी फेऱ्यांवर एंजिनाजवळ राखीव शक्ती थोडी असते. पुढच्या वाहनास ओलांडावयाचे झाल्यास चालकाने पायपट्टी दाबूनही गाडी क्षणभर जड वाटते व खालचा गिअर पडल्यावाचून उठाव घेत नाही. उलट, फेऱ्या चढू देऊन गिअर उशिरा बदलल्यास शक्ती सदैव हाताशी राहते, पण तिची किंमत इंधनात मोजावी लागते. एकाच क्रमाने दोन्ही हेतू पूर्णपणे साधणे शक्य नसते.

प्रारंभीचा काळ : स्वयंचलित पेटीतील एक महत्त्वाचा घटक जहाजबांधणीतून आला. जर्मन अभियंता हेर्मान फोटिंगर यांनी स्टेटीन येथील व्हल्कन गोदीत काम करीत असताना, वाफेच्या टरबाइनाची गती जहाजाच्या मळसूत्रास मानवेल इतकी कमी करण्यासाठी, द्रवाच्या प्रवाहाद्वारे शक्ती नेणारा परिवर्तक योजिला व १९०५ मध्ये त्याचे एकस्व घेतले. मोटारगाडीत हे तत्त्व येण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीत अर्ल टॉमसन यांच्या नेतृत्वाखालील गटाने सिद्ध केलेली ‘हायड्रामॅटिक’ पेटी १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांत बसविण्यात आली. तीत द्रवीय जोडणी व पुढे जाण्याचे चार गिअर होते. दुसऱ्या महायुद्धात हीच पेटी अमेरिकेच्या एम-५ जातीच्या हलक्या रणगाड्यांत वापरली गेली. द्रवीय परिवर्तकावर आधारलेली ब्यूइक गाडीची ‘डायनाफ्लो’ पेटी १९४८ मध्ये आली. पुढच्याच वर्षी पॅकार्ड कंपनीने आपल्या ‘अल्ट्रामॅटिक’ पेटीत परिवर्तकाची दोन अंगे क्लचने एकमेकांस जखडून टाकण्याची सोय केली. परिवर्तकातील द्रवाच्या घसरणीने शक्तीचा जो अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो, तो त्यामुळे वाचतो.

या पेट्यांचा निर्णय तेलाच्या दाबावर चाले. चाकांकडे जाणाऱ्या दंडावर बसविलेला गव्हर्नर गाडीच्या वेगानुसार वाढणारा एक दाब निर्माण करी, तर पायपट्टीशी निगडित असलेली झडप दुसरा दाब निर्माण करी. हे दोन्ही दाब एका सरकत्या झडपेच्या दोन टोकांवर परस्परांविरुद्ध काम करीत. गव्हर्नरच्या दाबाची सरशी झाली की वरचा गिअर पडे. पाय हलका असेल तर ही सरशी लवकर होई, जड असेल तर उशिरा. योजना मोठी चतुर होती आणि पुढे सु. चार दशके ती बहुतेक सर्व कारखान्यांनी वापरली. परंतु तिला एक मर्यादा होती. पायपट्टी किती दाबली एवढेच तिला कळे, कशासाठी दाबली हे कळत नसे. भरलेली गाडी घाट चढत आहे, की मोकळ्या रस्त्यावर चालकास घाई झाली आहे, हा भेद तेलाच्या दाबास उमगण्याजोगा नव्हता. चढावर पेटी वरचा गिअर घेई, वेग पडताच खालचा घेई व पुन्हा वर जाई. ही ओढाताण त्या काळच्या चालकांच्या चांगल्या परिचयाची होती.

यावरचे पहिले उपाय यांत्रिक होते आणि आजच्या बटनाची पूर्वपीठिका त्यांतच आढळते. जनरल मोटर्सने १९५२ च्या हायड्रामॅटिक पेटीत पुढे जाण्याची दोन स्थाने ठेवली. एकात चारही गिअर मिळत. दुसऱ्यात पेटी तिसऱ्या गिअरवरच रेंगाळे, म्हणून चढावर व शहरातील गर्दीत ते सोयीचे ठरे. फोर्ड कंपनीच्या १९५८ च्या ‘क्रूझ-ओ-मॅटिक’ पेटीतही अशी दोन स्थाने होती. त्यांपैकी एकात गाडी पहिल्या गिअरने सुटे व दुसऱ्यात दुसऱ्या गिअरने. दुसऱ्या स्थानाचा उपयोग बर्फाळ अथवा निसरड्या रस्त्यावर चाक जागीच फिरू नये म्हणून होई. तथापि तेलाच्या यंत्रणेत अशा प्रत्येक पर्यायासाठी वेगळी झडप, वेगळी स्प्रिंग व तेलाचा वेगळा मार्ग कोरावा लागत असे. त्यामुळे पर्याय दोनांपलीकडे सहसा गेले नाहीत.

इंधनटंचाई व इलेक्ट्रॉनिकी : ऑक्टोबर १९७३ मधील अरब-इझ्राएल युद्धानंतर खनिज तेलाचा भाव पिंपास सु. ३ डॉलरवरून थोड्याच महिन्यांत ११ डॉलरांच्या वर गेला. अमेरिकेने १९७४ मध्ये महामार्गांवरील वेगाची कमाल मर्यादा ताशी ५५ मैल (सु. ८८ किमी.) केली. १९७५ च्या कायद्यान्वये तेथील प्रत्येक उत्पादकाच्या मोटारगाड्यांसाठी इंधनवापराची सरासरी ठरवून देण्यात आली. १९८५ साठी ती गॅलनला २७·५ मैल, म्हणजे लिटरला सु. ११·७ किमी. होती. सुखसोयीसाठी थोडे अधिक पेट्रोल जळाले तर बिघडले कुठे, अशा वृत्तीने ज्या यंत्रणेकडे पाहिले जाई, तिच्याकडून आता थेंबाथेंबाचा हिशेब मागितला जाऊ लागला. क्रायस्लर कंपनीने १९७८ च्या गाड्यांत परिवर्तक जखडण्याची जुनी कल्पना पुन्हा आणली आणि एंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा चौथा गिअर इतरत्रही दिसू लागला.

दुसरीकडे निर्णयाचे काम तेलाकडून विजेकडे जाऊ लागले होते. रनो कंपनीच्या ‘१६ टीए’ या गाडीत १९६९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची पेटी आली. खरे वळण मात्र जपानच्या टोयोटा कंपनीने दिले. तिच्या क्राउन गाडीत १९८१ मध्ये आलेल्या पेटीत गाडीचा वेग व झडपेची उघडीक यांची मापे एका सूक्ष्मसंगणकास पुरविली जात. तो आपल्या स्मृतीतील तक्ता पाहून विद्युत् चुंबकी झडपांना आज्ञा देई आणि परिवर्तक केव्हा जखडावयाचा हेही ठरवी. येथे जुनी अडचण नाहीशी झाली. गिअर बदलण्याचा दुसरा क्रम म्हणजे आता दुसरी झडप व स्प्रिंग नव्हे, तर स्मृतीत साठविलेला आकड्यांचा आणखी एक तक्ता. त्यासाठी लागणारा अधिक खर्च जवळजवळ एका बटनापुरताच उरला. चालकापुढे काटकसर की जोम असा प्रश्न ठेवणारे बटन त्याच दशकात सर्वत्र पसरले, याचे कारण चालकांच्या मागणीपेक्षा या स्वस्ताईत अधिक शोधावे लागते.

युरोपात झेडएफ या जर्मन कंपनीची चार गिअरांची पेटी बॉश कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणासह बीएमडब्ल्यू गाड्यांत आली. तिच्या स्विचावर ई, एस व एम ही अक्षरे होती : ई म्हणजे काटकसर, एस म्हणजे स्पोर्ट आणि एम म्हणजे चालकाने दांड्याने निवडलेला गिअर तसाच धरून ठेवणे. १९९० नंतरच्या दशकात मर्सिडीज-बेंझच्या स्विचावरील एस मात्र ‘स्टँडर्ड’चा होता. त्याच्या जोडीच्या ‘विंटर’ या स्थानात गाडी दुसऱ्या गिअरने सुटे. एकच अक्षर दोन कारखान्यांत दोन अर्थांनी वापरले गेल्याने एका गाडीतून दुसरीत जाणाऱ्या चालकांची फसगत होणे साहजिक होते. व्होल्व्होने आपल्या ८५० या गाडीत काटकसर, स्पोर्ट व हिवाळा असे तिन्ही पर्याय दिले.

काटकसरीच्या बटनाने किती इंधन वाचते, याचे एकच उत्तर देता येत नाही. गाडी मंद वाटू लागली की पुष्कळ चालक नकळत पायपट्टी अधिक दाबतात. मग पेटी खालचा गिअर घेते व बचत बरीचशी निघून जाते.

स्वभाव ओळखणारी पेटी : चालकाला विचारण्याऐवजी त्याच्या वागण्यावरून त्याचा हेतू ताडावा, हा पुढचा प्रयत्न होय. पोर्श कंपनीने १९८९ मध्ये ९११ गाडीत आणलेली ‘टिप्ट्रॉनिक’ पेटी पायपट्टी किती त्वरेने दाबली जाते, गाडी वळणावर बाजूस किती ओढली जाते इ. गोष्टींवरून अनेक तक्त्यांतील योग्य तो निवडी. मित्सुबिशी कंपनीने १९९२ च्या गॅलंट गाडीत याच कामासाठी संदिग्ध तर्कशास्त्राचा अवलंब केला. या पेट्यांनी बटन कालबाह्य होईल असे वाटले होते, पण तसे झाले नाही. अंदाज बांधणारे यंत्र कधी चुकते आणि ते केव्हा चुकेल हे चालकास आधी कळत नाही. बटनाचा निर्णय निदान निश्चित असतो.

यानंतर बटनाचा अधिकार गिअरपेटीबाहेर पसरला. पायपट्टी व हवेची झडप यांमधील तार जाऊन तेथे विद्युत् जोडणी आल्यावर, पाय तेवढाच दाबला तरी झडप किती उघडावी हे संगणक ठरवू लागला. ‘स्पोर्ट’ निवडताच थोड्या दाबाने झडप पुष्कळ उघडते व गाडी अधिक शक्तिमान भासते. एंजिनाची कमाल शक्ती बहुधा होती तेवढीच असते. सुकाणू व धक्काशोषक यांचे वर्तनही पुढे अनेक गाड्यांत त्याच बटनास जोडले गेले. गिअरपेटीच्या दृष्टीने पाहता या विस्तारात यंत्रविद्येइतकाच विक्रीकलेचाही भाग आहे.

कायदा व चाचणी : निवडीची मुभा आली तेव्हा सरकारी चाचणीपुढे एक पेच उभा राहिला. गाडीचा इंधनवापर मोजावयाचा तो कोणत्या पर्यायात? उत्पादकास अर्थातच काटकसरीचा पर्याय सोयीचा. पण ग्राहक गाडी त्यातच चालवील याची शाश्वती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेद्वारे २०१४ मध्ये संमत झालेल्या व युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या नमुन्यांना लागू झालेल्या चाचणीपद्धतीने त्याचे उत्तर दिले. मागील खेपेस कोणताही पर्याय वापरलेला असो, गाडी चालू करताच जो पर्याय दर वेळी आपोआप येतो तो प्रमुख मानून त्यातच चाचणी घ्यावयाची. असा पर्याय नसल्यास सर्वांत चांगला व सर्वांत वाईट अशा दोन्हींत मोजून सरासरी काढावयाची. चालकाने काल ‘स्पोर्ट’ निवडले असले तरी आज किल्ली फिरविताच अनेक गाड्या सौम्य पर्यायावर परत येतात, त्यामागे या नियमाचाही हात आहे.

भारतात स्वयंचलित पेटी दीर्घकाळ महाग गाड्यांपुरतीच होती. मारुती सुझुकीच्या सेलेरिओ गाडीत २०१४ मध्ये साध्या गिअरपेटीलाच यंत्राने क्लच व गिअर हाताळण्याची जोड दिल्यावर ती मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनची विजेवर चालणारी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यातही नेहमीच्या स्थानाशेजारी ‘स्पोर्ट’ हे स्थान होते. या गाडीत बदलण्यास गिअरच नाहीत. तेथे त्या अक्षराने केवळ पायपट्टीला मिळणारा मोटरचा प्रतिसाद बदलतो.