झोळी

१९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की माणसं सुकडी, लाल मिलो आणि खडी यांच्या गोष्टी सांगतात. मला आधी आठवतं ते पोरांचं रडणं. सांगोल्याकडं आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. कडेच्या बाभळींना लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या, आणि झोळीपाशी माझ्यासारखी एखादी आठ वर्षांची पोरगी. आया मातीच्या पाट्या वाहायच्या, झोका द्यायला आम्ही.

१९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. हजेरीपटावर त्यांची नावं लागली. झोळ्या कुणी मोजल्या नाहीत.

माझा भाऊ चार महिन्यांचा. एका दुपारी रडायला लागला तो थांबेचना. आई धावत आली. अंगावर पाजलं, पण तिच्याच पोटात काही नाही तर दूध येणार कुठनं? मुंगीबिंगी चावली का बघितलं, कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तिकडं मुकादमाच्या हाका. खाडा पडला तर मजुरी बुडणार. एकाएकी आईनं पोराला दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवलं. "मर की एकदाचा!" म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाला भ्याली.

शेजारची बाई म्हणाली, "राईएवढी अफू चाटव. निपचित पडंल."

ही चाल जुनीच. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देत. कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालातही त्याची दखल आहे. अफूनं तान्ह्याचा श्वास मंदावतो, निजलेलं पोर उठेलच असं नाही. त्या बायका निर्दय नव्हत्या. पाळी चुकवता येत नव्हती, आणि पोर बघायला घरी कुणी नव्हतं.

आईनं हात पुढं केलाही होता. तेवढ्यात माझी चुलत आजी आली. तिनं पोर काढून घेतलं. "रडतंय म्हंजी जित्तं हाय. तू जा, पानी पी, सावलीला बस." मुकादमाला म्हणाली, "लिव्ह माझा खाडा."

पोर काही लगेच गप्प झालं नाही. आजीच्या खांद्यावर अर्धा तास तरी रडलं. शांत झाली ती आई.

पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून लागू झाला. कामावर पाणी, सावली आणि पोरं सांभाळायची सोय असावी, असं त्या योजनेत आलं. निदान कागदावर तरी आजीचा खाडा सरकारनं मान्य केला, असं मला वाटलं.

परवा रात्री दोन वाजता पुण्याहून लेकीचा फोन आला. रडतच म्हणाली, "आई, हिला आपटावंसं वाटलं गं." मी रागावले नाही. म्हटलं, "पाळण्यात नीट निजव. खोलीबाहेर ये, पाणी पी. पाच मिनिटांनी जाऊन बघ. पण हलवू नकोस. आणि जावईबापूंना उठव आधी."

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी निघाले.